टोपल्याला कुठलं इंजिन

रवि., २ फेब्रु.

टोपल्याचं इंजिन आज गेलं. शेडपासून डांबरी रस्त्यापर्यंत नीट गेलं. परत येताना आधी खडखड, मग पांढरा धूर, मग काहीच नाही. खालून पाहिलं तर रॉडनं ब्लॉकला भोक पाडलेलं, दोन बोटं जातील एवढं. व्हॅनचं म्हातारं इंजिन, किती सोसणार. ढकलत शेडमध्ये आणली. थोरला भाऊ बांधावर उभा राहून बघत होता. हात लावायचा सोडून म्हणतो, "उडालं का रे तुझं इमान?"

सहा वर्षं खपलोय या गाडीवर. जुन्या व्हॅनपासून मीच बनवलेली. दोन माणसांची, उघडी, मागच्या चाकांवर चालणारी. चौघांनी धरली तर उचलून बाजूला ठेवता येते. गावात, केदारखेड्यात, सगळे टोपलं म्हणतात. आधी राग यायचा, आता मीही तेच म्हणतो.

संध्याकाळी भोकरदनला घरी. वै. म्हणाली, "बरं झालं. आता पंप विका." दुकान माझं, पण चालवते बायकोच.

मंगळ., ४ फेब्रु.

गिऱ्हाईक नाही. काउंटरवर बसून नुसतं इंजिनाचं डोक्यात.

व्हॅनचंच दुसरं टाकलं तर सगळं जागच्या जागी बसतं. पण ताकद तीच. चढावर बैलगाडीवाला साइड मागणार. दादा म्हणतो डिझेल टाक, त्यावर फवारासुद्धा चालेल. डिझेल जड. हलक्या गाडीच्या नाकावर जड इंजिन म्हणजे लहान पोरीच्या डोक्यावर भरला हंडा, वळणावर गाडी सरळच जाईल. मोटरसायकलचं हलकं आहे, गुरगुरतंही छान, पण त्याला रिव्हर्स नाही. मागे घ्यायची तर उतरून ढकलायची. गावाला आणखी एक करमणूक.

उरतं तेराशे सीसीचं पेट्रोल इंजिन. व्हॅनच्याच घराण्यातलं. मधे एक प्लेट घातली की माझ्या गिअरबॉक्सला बसतं. वजन थोडंसंच जास्त आणि ताकद मात्र... पण चांगल्या अवस्थेतलं मिळायचं कुठं.

शनि., ८ फेब्रु.

जालना. रऊफभाईच्या भंगारच्या वाड्यात. इथं गाड्या येतात, तुटतात, भट्टीत जातात आणि सळई होऊन बाहेर पडतात. मी त्याच्याकडून मोटारींचे स्टार्टर नेत आलोय, त्यामुळे चहा न मागता येतो.

तेराशेचं विचारलं. आधी नाही म्हणाला. चहा संपल्यावर म्हणाला, "हाय एक. पन तुमी नका घेऊ, संतोषभाई."

"का? फुटलंय?"

"इंजिन एकदम टनाटन. पोरगा गेला त्याच्यात."

अंबडचा पोरगा. गेल्या वर्षी ट्रकनं बाजूनं दाबली. इंजिनाला ओरखडासुद्धा नाही. वाड्याचा एक रिवाज आहे म्हणे: मय्यतीची गाडी आली की तिची चावी बॉडीबरोबरच भट्टीत जाते. "चावी ऱ्हायली का गाडी ऱ्हायली," असं त्याचा बाप म्हणायचा. बॉडी गेली, चावी गेली. इंजिन तेवढं का ठेवलं, विचारलं. "चांगलं व्हतं. हात झाला न्हाई."

परत येताना बायपासला नव्या बांधकामांवर सळया उभ्या होत्या. आमच्या दुकानाचा स्लॅबही जालन्याच्याच सळईचा. म्हणजे डोक्यावर कुणाकुणाच्या गाड्या घेऊन आपण पंप विकतो. असला विचार पूर्वी कधी आला नव्हता.

बुध., १२ फेब्रु.

घेतलं. टेम्पोनं शेडमध्ये आणलं. वै.ने विचारलं, कुणाचं. म्हटलं, भंगारातलं. खोटं काही नाही यात.

रवि., २३ फेब्रु.

बसलं! मूळ गाडीत आडवं होतं, टोपल्यात उभं बसवलं. प्लेट, माउंटिंग, पाण्याचे पाइप, सगळं घरचं. सायलेन्सर मीच वेल्ड केला. दादा येऊन दोनदा फेरी मारून बघून गेला, म्हणजे आवडलं असावं.

आणि सुरू होत नाही. फिरतं, फिरतं, ठिणगी नाही. जालन्याहून इलेक्ट्रिशियन आणला. त्यानं लॅपटॉप लावून सांगितलं, इंजिनाचा मेंदू, म्हणजे ईसीएम, चावीतली चिप शोधतोय. तीच चावी पाहिजे. दुसऱ्या चावीला ओळखच देत नाही.

चावी भट्टीत. रऊफभाईला फोन केला. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "संतोषभाई, सच बोलू का? पोराच्या बापानं चावी दिली ती मीच टाकली. पन हातात घेतली तवा हलकी लागली. कपाटाची असती ना, तशी. बोललो न्हाई मी. बापाला काय बोलायचं असल्या टायमाला."

म्हणजे खरी चावी अंबडला आहे. आणि रिवाज झालाच नाही.

गुरु., २७ फेब्रु.

अंबडला गेलो. बसनं. मुलाचे वडील कोर्टातून बेलिफ म्हणून रिटायर झालेले, गल्लीत सगळे नाना म्हणतात. पांढरी वाढलेली दाढी. मी कोण, कशाला आलोय, हे ऐकून त्यांनी आतल्या दाराकडे पाहिलं आणि मला ओट्यावर घेऊन आले. आत कुणीतरी हळू चालत होतं.

"निलेशची आई," म्हणाले. "पोरगा गेला तवापासून जेवन न्हाई. दोन घास खाती न उठती. त्याच्या खोलीला हात लावू देत न्हाई. डॉक्टर म्हनतो असंच चाललं तर न्हाई टिकायची."

बंडीच्या आतल्या खिशातून चावी काढली. काळी, बटण झिजलेलं. "रऊफमियाला कपाटाची देल्ती. ही द्यावा वाटंना."

मी हात पुढं केला नाही. त्यांनीच ठेवली हातावर. "एक करा. चालू झालं का एकडाव इकडं आना. मला आवाज ऐकायचाय. हिला कळू देऊ नका फक्त."

हो म्हटलं. कुणीही म्हटलं असतं.

रवि., २ मार्च

चावी फिरवली आणि एका झटक्यात सुरू. इतके दिवस जणू मुद्दाम तोंड फिरवून बसलं होतं.

काय आवाज! जाड, खालून येणारा. शेडचा पत्रा थरथरला. दादासुद्धा हसला. शेतरस्त्यानं डांबरीपर्यंत आणि पुढं पूर्णेच्या पुलापर्यंत जाऊन आलो. आनंदानं रडू आलं, लिहायला लाज कशाची.

एक नोंद. बंद करायच्या आधी मी दोनदा ॲक्सिलरेटर दाबला. घुम, घुम, मग चावी. ही सवय माझी नाही. तेल फुकट जातं म्हणून मी दुसऱ्यांना बोलतो. ईसीएम आधीच्या माणसाची चाल थोडी लक्षात ठेवतो हे खरं आहे, किती पेट्रोल, किती हवा वगैरे. पण पाय माझा आहे. त्यात ईसीएम नाही.

गुरु., ६ मार्च

टोपलं घेऊन अंबड. समोर काच नाही म्हणून हेल्मेट, पूर्ण तोंडाचं. जालन्यात पोलिसानं अडवलं. कागदावर गाडी अजून व्हॅनच आहे, घाम फुटला. त्यानं कागद मागितलेच नाहीत. शेजारी बसून सेल्फी घेतला आणि सोडून दिलं.

नाना फाटकाशी उभे होते. गाडी ओट्यासमोर लावली, बंद केली नाही, त्यांना ऐकायचं होतं ना. त्यांनी डोळे मिटले.

आणि दार उघडून काकू, निलेशच्या आई, बाहेर आल्या. बारीक, केस विस्कटलेले. हातात भाकरीचा तुकडा आणि तांब्या. लांबून आलेल्या माणसावरून ओवाळतात तसा तुकडा त्यांनी माझ्या हेल्मेटवरून ओवाळला, मग गाडीच्या नाकावरून, आणि दोन्हीकडं टाकला. पाणी ओतलं. म्हणाल्या,

"किती उशीर केला रे."

मागं नानांनी हात जोडले. मला. म्हणजे बोलू नका.

"जेवलास का?"

मी मान हलवली. होकाराची. हेल्मेटची काच खाली होती. काय सुचलं मला, कुणास ठाऊक. त्याच क्षणी हेल्मेट काढून सांगायला पाहिजे होतं. मी दोनदा ॲक्सिलरेटर दाबला, त्या हसल्या, आणि मी निघालो.

शुक्र., ७ मार्च

नानांचा फोन. "काल पोटभर जेवली. भाकरी, पिठलं. वरून ताक मागून घेतलं. पुढच्या गुरुवारी येताल का?"

दुकानात गिऱ्हाईक होतं. हो म्हणून टाकलं.

गुरु., १३ मार्च

गेलो. त्या आधीच ओट्यावर बसल्या होत्या. केस विंचरलेले. म्हणाल्या, गल्लीच्या तोंडालाच आवाज ओळखला. हेल्मेटची काच अर्धी वर करून चहा प्यायलो. साखर भरपूर, आलं भरपूर. मी बिनसाखरेचा पितो. संपवला.

गुरु., २० मार्च

तेच. आज काकूंनी निलेशच्या खोलीचं दार उघडून झाडून घेतलं म्हणाले नाना, आनंदानं. दाढी केली होती त्यांनी, ओळखू आले नाहीत. निघताना खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हळू जा, निलू."

मग त्यांनी हात काढून घेतला. आम्ही दोघं एकमेकांकडं बघत राहिलो. काकू आत होत्या, त्यामुळे हे त्यांना ऐकवायला नव्हतं.

शनि., २२ मार्च

वै.: "तुम्ही चहात साखर कधीपासून घेऊन राह्यले?"

माहीत नाही कधीपासून.

गुरु., २७ मार्च

आज गल्लीत वळताना समोरून दुधवाला आला. मी न बघता डावीकडं घेतली, नालीवरच्या फरशीवरून. ती फरशी तिथं आहे हे मला माहीत नव्हतं. म्हणजे असेल माहीत, चारदा गेलोय. असेल.

काकूंनी वांग्याची भाजी डब्यात घालून दिली. घरी नेली नाही, टोपल्यातच खाल्ली, जालन्याच्या अलीकडं बाभळीखाली.

आईला जाऊन चार वर्षं झाली. दारात कुणी वाट बघतं ही गोष्ट मी विसरलो होतो. मला आवडायला लागलंय हे सगळं.

रवि., ३० मार्च

पाडवा. गुढी उभारली, श्रीखंड झालं. दुपारी वै.ला सगळं सांगितलं. इंजिन कुणाचं, चावी कुणाची, गुरुवारी मी कुठं जातो. ती आधी घाबरली, मग चिडली. चिडली ते बरं वाटलं.

"त्या बाईला फसवून राह्यले तुम्ही."

"ती जेवायला लागली, वैशाली."

"आन् कळलं तिला एखाद्या दिवशी तर? पोरगा एकदा गेला, तो दुसऱ्यांदा जाईल. ते कोन सोसंल?"

गेलो तर खोटं वाढतं, नाही गेलो तर बाई परत दोन घासांवर. 

गुरु., ३ एप्रिल

न जायचं ठरवलं होतं. शेडमध्ये नुसतं इंजिन तपासायला गेलो. चावी फिरवली. भानावर आलो तेव्हा जालना मागं पडलं होतं. हे अगदी असंच झालं असं नाही, वळणं आठवतात, पेट्रोल भरल्याचं आठवतं. पण "निघूया" असं मी केव्हा ठरवलं ते आठवत नाही.

काकू म्हणाल्या, "वाळलास रे तू." हेल्मेटवरून.

सोम., ७ एप्रिल

नानांचा फोन. काकूंची तब्येत छान. वजन वाढलं. शेजारणीकडं हळदीकुंकवाला गेल्या. "तुमचे उपकार," म्हणाले. मग हळू आवाजात, "एक इचारू? गुरुवारी तुमी फाटकातून आत येता ना, तवा तुमची चाल..." आणि थांबले. "काय न्हाई. ठेवतो."

माझी चाल काय? वै.ला चालून दाखवलं अंगणात. ती म्हणाली, "नेहमीसारखीच हाय की." पण लगेच म्हणाली नाही. थोडा वेळ घेऊन म्हणाली.

गुरु., १० एप्रिल

आज नाही गेलो. वै.ने शेडची किल्ली पदराला बांधून ठेवली होती. दिवसभर दुकानात बसलो. चार वाजल्यापासून पाय हलत होता, उजवा, टाच टेकवून. एका शेतकऱ्यानं विचारलं, "शेठ, काय बेचैनी?" त्याला चुकीचा पंप दिला. परत यावं लागलं बिचाऱ्याला.

नानांचा फोन आला नाही. हे जास्त लागलं.

रवि., १३ एप्रिल

वै. म्हणाली आणि मला पटलं: इंजिन बदलायचं. आवाजच राहिला नाही तर निलेश येणार कुठून. हळूहळू नाही, एकदम. नवं इंजिन घालून जायचं, हेल्मेट काढायचं, पाया पडून खरं सांगायचं. पुढं दर गुरुवारी संतोष म्हणून जायचं, त्यांना चालत असेल तर. भाजी घेऊन जायची. वै.सुद्धा येते म्हणाली.

आणि त्यांना नाही सोसलं तर? दोघांपैकी एकानंही हा प्रश्न परत काढला नाही, म्हणजे वै.ने आणि माझ्या मनानं.

इंजिन अर्थात व्हॅनचं. फेब्रुवारीत ज्याला नाक मुरडलं तेच. सिल्लोडच्या मेकॅनिककडं एक बरं आहे, मिळेल.

रवि., २० एप्रिल

तेराशेचं काढलं आज. साखळीवर वर घेताना दादा म्हणाला, "अरे, एवढं चांगलं इंजिन..." त्याला काही सांगितलेलं नाही. कोपऱ्यात जुन्या टायरवर ठेवलं, ताडपत्री टाकून कडांवर दगड ठेवले. वायरी सगळ्या सुटलेल्या, पेट्रोलचा पाइप दोरीनं बांधलेला. चावी माझ्या पाकिटात.

शेड एकदम मोठी वाटली. कुणीतरी उठून गेल्यावर खोली वाटते तशी.

बुध., २३ एप्रिल

व्हॅनचं बसलं. सुरू झालं. आवाज शिलाई मशीनचा. चालवून पाहिली, वळते झकास, पळत मात्र नाही. बंद करताना एकदाच चावी फिरवली, पाय हलला नाही. हायसं वाटलं.

गुरु., २४ एप्रिल

घरी येऊन लगेच लिहितोय, नाहीतर उद्या मीच म्हणेन असं झालंच नाही.

वै. आली नाही, तिच्या बहिणीकडं कार्यक्रम. एकटाच गेलो. नाना घरात नव्हते, पेन्शनच्या कामाला तहसीलला गेले होते. गल्लीत वळलो. ओट्यावर कुणी नव्हतं. आवाज ओळखीचा नाही, येणार कशाला बाहेर. मी उतरलो, हेल्मेट काढून हातात घेतलं आणि कडी वाजवली.

काकूंनी दार उघडलं. माझ्याकडं पाहिलं. दचकल्या नाहीत.

मी पाठ केलेलं बोललो. काकू, मी निलेश नाही. मी संतोष, भोकरदनला पंपाचं दुकान आहे, तुमच्या मुलाच्या गाडीचं इंजिन मी...

"माहीत हाय रे बाबा," म्हणाल्या. "बस. पाणी आनते."

बसलो.

"पयल्याच दिवशी कळलं. माझा पोरगा तुज्याहून टीचभर उंच व्हता. आईला न्हाई कळायचं तर कुनाला?"

"मग बोलला का नाहीत?"

"ह्यांच्यासाठी. ह्यांनी दाढी करनं सोडलं व्हतं, मानसात जानं सोडलं व्हतं. तू आला आन् हे फाटकात जाऊन उभे राह्यले. मला वाटलं, चालू दे. मी जेवले का ह्यांना बरं वाटायचं, म्हनून जेवले. मंग खरंच भूक लागाय लागली."

मी रडलो. त्यांनी रडू दिलं. दोन म्हातारी माणसं एकमेकांसाठी नाटक करत होती आणि मी मधे हेल्मेट घालून उभा. नानांना यातलं काही सांगायचं नाही असं त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं. मला इतकं हलकं वाटत होतं की मी काहीही कबूल केलं असतं.

बाहेर आलो. त्यांनी टोपल्याकडं पाहिलं. "आज आवाज दुसराच आला. म्हनून बाहेर आले न्हाई."

"इंजिन बदललं, काकू. रविवारीच काढलं जुनं."

"रविवारी?" म्हणाल्या. "कोनत्या रविवारी?"

"हा परवाचा."

त्यांनी पदरानं हात पुसले.

"सोमवारी तर जुनाच आवाज व्हता."

मी म्हटलं, काकू, मी गुरुवारी येतो. सोमवारी कधी आलोच नाही.

"तू गुरुवारचा, ते ठाऊक हाय मला," त्या म्हणाल्या, समजुतीच्या आवाजात, मी लहान असल्यासारख्या. "सोमवारी हे महादेवाला जातात. तवा येतो तो. मला वाटलं, तुला माहीत असंल."

शुक्र., २५ एप्रिल

दुपारी शेडमध्ये. ताडपत्री जशी टाकली तशीच. दगड जागच्या जागी. काढून इंजिनावर हात ठेवला. गरम. पण एप्रिलची दुपार, वर पत्रा, पाना गरम, जॅक गरम, सगळंच गरम. खालून हात घालून पाहिला. तिथं ऊन नाही. तिथंही गरमच, पण टायर काळा, काळं उष्णता धरतं.

असं मी स्वतःला समजावत होतो आणि हात काढत नव्हतो.

शनि., २६ एप्रिल

रऊफभाईला सांगितलं. तो हसला नाही. "मंगळवारी माझा टेम्पो भोकरदनहून येतो. केदारखेड्यात थांबवतो. इंजिन द्या, चावी द्या. माझ्या हातानं भट्टीत घालतो. जे राह्यलं ते पुरं करून टाकू."

वै. म्हणाली, द्या. दादा म्हणाला, विक. दादाला काय माहीत.

म्हातारीला एकटीला भास होत असणार, हे वै.चं म्हणणं. असू शकतं. मुलगा गेलेल्या घरात भास नाही होणार तर कुठं. मग भट्टीत घातलं काय आणि न घातलं काय, काही बिघडत नाही.

पण भास नसेल तर? मंगळवारी मी एका आईच्या दारचं येणं बंद करणार आहे. पहिल्यांदा ट्रकवाल्यानं केलं. दुसऱ्यांदा मी, समजून उमजून. आणि नाही घातलं, तर मी, वै., आमचं घर, आणि पुढचे सगळे सोमवार.

रवि., २७ एप्रिल

ठरवलं. मी ठरवणार नाही. मुलगा त्यांचा, त्यांनाच विचारायचं. त्या घाल म्हणाल्या तर घालायचं, नको म्हणाल्या तर आणखी जाड ताडपत्री आणायची. उद्या दुपारी फोन करतो, नाना देवळात गेल्यावर.

सोम., २८ एप्रिल

शेडमध्ये बसून लिहितोय. डाव्या हातात फोन आहे.

मुद्दाम इथं येऊन बसलो, इंजिनासमोर. ताडपत्री काढून ठेवली आहे. इंजिन टायरवर, टोपलं त्याच्या शेजारी. दोन्ही थंड. सकाळपासून आभाळ आहे, पत्रा तापलेला नाही.

फोन लावला. काकूंनी लगेच घेतला. आवाज आनंदी. मी सगळं सांगितलं. उद्या टेम्पो येतोय, रऊफभाई म्हणतो भट्टीत घाला, तुमची इच्छा काय, तुम्ही म्हणाल ते.

त्या म्हणाल्या, "मी काय सांगू बाबा. थांब जरा. आत्ताच आलाय तो, पाय धुऊन राह्यला. त्यालाच इचारते."

फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज आला. लाकडावर. मग पैंजण नाही, चप्पल नाही, नुसती पावलं लांब गेली.

फोन चालू आहे. ठेवावासा वाटतो आणि ठेवता येत नाही. वै.ला हाक मारायची तर ती भोकरदनला.

लांबून काकूंचा आवाज येतोय. शब्द कळत नाहीत, विचारल्यासारखा सूर आहे. मग त्या थांबतात. मग "हं" म्हणतात. परत विचारतात, परत थांबतात. कुणी नीट, सावकाश उत्तर द्यावं, तितका वेळ थांबतात.

आता आवाज थांबला. पावलं फोनकडं येताहेत.